रावळपिंडी जहाजाचा हिशेब

साशंक : रावळपिंडीची हकीकत जेव्हा जेव्हा माझ्या कानी पडते, तेव्हा तेव्हा ती सांगणाऱ्याचा कंठ दाटून आलेला असतो, आणि नेमके हेच मला खटकते. गहिवर क्षणभर बाजूला ठेवून केवळ आकडे मांडून पाहा. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी, आइसलंडच्या आग्नेयेस, उत्तरेकडचा तो तोकडा दिवस मावळण्याच्या बेतात असताना, एका बाजूला सोळा हजार सातशे टनांची एक प्रवासी आगबोट होती, जिच्या अंगावर चिलखत म्हणून पोलादाची एक पट्टीही नव्हती आणि जिच्यावर अवघ्या तीन महिन्यांपूर्वी मागल्या पिढीच्या आठ सहा-इंची तोफा आणून बसविल्या होत्या. त्यांतही चार डाव्या अंगाला आणि चार उजव्या अंगाला, म्हणजे कोणत्याही एका वेळी शत्रूवर रोखता येण्यासारख्या चारच. दुसऱ्या बाजूला शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाउ या दोन नव्या कोऱ्या जर्मन युद्धनौका, प्रत्येकीवर अकरा इंची नऊ तोफा, आणि दोघींची धाव ताशी तीस सागरी मैलांच्या वर. रावळपिंडीला सतरा मैलांच्या पुढे जाण्याची ताकद नव्हती. आपली आगबोट एका फेरीत फार तर एकशे ऐंशी किलो लोखंड फेकणार, आणि त्या दोघींपैकी एकटी एक तिच्यावर तीन टन फेकणार! निकाल काय लागेल हे सांगायला नाविक विद्या नको, त्रैराशिक पुरे. २३८ माणसे मेली. जे थोडे वाचले त्यांतील बहुतेक शत्रूनेच पाण्यातून उचलले, आणि अकरा जण दुसऱ्या दिवशी चित्राल नावाच्या तशाच एका आगबोटीला सापडले. ज्या नौखात्याने हे त्रैराशिक आधी मांडायचे, त्याने ते मांडले नाही. आणि उत्तर समुद्रावर आपोआप निघाले तेव्हा त्यालाच हौतात्म्य म्हणून ललाटी लावले.

सश्रद्ध : आकडे खरे आहेत, त्यांतला एकही मी नाकारीत नाही, परंतु ते दोन जहाजांच्या द्वंद्वाचे आकडे आहेत, आणि रावळपिंडी तेथे द्वंद्व खेळायला गेलेली नव्हती. ही आगबोट मुळात आपल्या ओळखीची. पी. अँड ओ. कंपनीने लंडन-मुंबई टपालासाठी ज्या चार भगिनी-नौका बांधविल्या, रांची, रणपुरा, राजपुताना आणि रावळपिंडी, त्यांपैकी ही एक. १९२५ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडातल्या ग्रीनॉक येथे ती पाण्यात उतरली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे बॅलार्ड पिअरवर उभ्या राहणाऱ्या मुंबईकरांना तिची धुराडी परकी नव्हती. कलेक्टर, बॅरिस्टर होऊ निघालेली मुले, संस्थानिकांचे लवाजमे आणि टपालाच्या थैल्या वाहणारी अशी बोट ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस सरकारने ताब्यात घेतली, ती जर्मन आरमाराशी झुंजविण्यासाठी नव्हे, तर नाकेबंदीसाठी. आइसलंड आणि फेरो बेटे यांच्यामधल्या, आणि आइसलंडच्या पलीकडे ग्रीनलंडपर्यंतच्या, धुके-वादळांच्या त्या पट्ट्यातून जर्मनीकडे जाणारे प्रत्येक जहाज थांबवायचे, त्याचे कागदपत्र तपासायचे, संशय आला तर ते कर्कवॉल बंदराला झडतीसाठी पाठवायचे, हे तिचे काम. ऑक्टोबरात गोंझेनहाइम नावाचे जर्मन जहाज याच बोटीच्या दृष्टीस पडले, आणि पकडले जाण्यापेक्षा बरे म्हणून त्याच्या खलाशांनी ते स्वतःच बुडविले. त्या दिवशी तुमचे त्रैराशिक उलट बाजूने सुटले होते, आणि एकही माणूस न मारता सुटले होते.

तुम्ही म्हणाल, मग या कामाला खऱ्याखुऱ्या क्रूझर का नाही पाठविल्या? कारण त्या पुरेशा नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांना त्या समुद्रात आठवडेच्या आठवडे राहणे जड जाई. पहिल्या महायुद्धात याच पट्ट्यावर प्रथम जुन्या क्रूझर नेमल्या होत्या. अटलांटिकच्या हिवाळ्याने त्यांचे सांधे खिळखिळे केले, तेव्हा त्यांना हलवून प्रवासी आगबोटी आणाव्या लागल्या, आणि त्या उंच काठांच्या, मोठ्या कोळसाखान्याच्या बोटींनी तीन वर्षे हजारो जहाजे अडवून दाखविली. म्हणजे १९३९ चा निर्णय लहरीचा नव्हता. त्यामागे अनुभवाचे दप्तर होते.

साशंक : अनुभवाचे दप्तर होते खरे, पण त्यातली सोयीची तेवढीच पाने उलटली गेली. पहिल्या महायुद्धातल्या त्या बोटींच्या पाठीशी स्कापा फ्लो येथे ग्रँड फ्लीटसारखे प्रचंड आरमार नांगर टाकून बसलेले असे. जर्मन युद्धनौका त्या रेषेवर येऊन एखाद्या आगबोटीला हात लावतील हे संभवनीयच नव्हते. १९३९ च्या नोव्हेंबरात स्थिती काय होती? १४ ऑक्टोबरला एका पाणबुडीने स्कापात शिरून रॉयल ओक बुडविली, आणि त्या धास्तीने आरमाराचा मुक्काम तेथून हलवून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला न्यावा लागला. घराचा दरवाजा उघडा पडला, आणि दरवाजावरची माणसे मात्र जिथल्या तिथे उभी ठेवली. क्रूझर पुरेशा नव्हत्या म्हणता. त्या का नव्हत्या? १९२७ साली जिनीव्हाच्या परिषदेत इंग्लंडच्या नौखात्याने सत्तर क्रूझर लागतील असे सांगितले होते, आणि १९३० च्या लंडन तहनाम्यात त्याच इंग्लंडने पन्नासांवर सही केली. तहनामे चांगले की वाईट हा वाद मी काढीत नाही. शस्त्रे कमी करण्याचा प्रयत्न मला स्वतःला आदरणीयच वाटतो. परंतु ज्या वीस क्रूझर कागदावर वाचविल्या, त्यांची किंमत शेवटी कोणी चुकविली? त्या तहावर सह्या करणाऱ्यांनी नव्हे. ती चुकविली निवृत्तिवेतनावरच्या नौसैनिकांनी, राखीव दलातल्या कारकुनांनी आणि कोळ्यांनी, आणि कंपनीच्या नोकरीतल्या त्या लोकांनी, ज्यांनी जहाज सरकारजमा झाले तरी करारनाम्यावर सही करून त्याच्यावरच राहण्याचे पत्करले. खलाशीच या बोटींना थट्टेने नौखात्याने घडविलेल्या शवपेट्या म्हणत असत. तुमच्या अनुभवाच्या दप्तरात हा शेराही नोंदवून घ्या.

सश्रद्ध : नोंदवतो. पण आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यात वेशीबाहेर रात्रीचा जागल्या बसे, त्याची आठवण तुम्हांला करून दिली पाहिजे. चाळीस दरोडेखोर आले तर त्यांना त्याने एकट्याने झोडपून काढावे अशी कोणाची अपेक्षा नसे. त्याने आरोळी ठोकावी, एवढीच असे. त्याच्या हातातली काठी दरोडेखोरांसाठी नव्हती, भुरट्या चोरांसाठी होती. रावळपिंडीच्या आठ तोफांचे प्रयोजन याहून वेगळे नव्हते. आणि तिने आरोळी दिली! शत्रू दिसताच तिचा बिनतारी संदेश गेला. त्या संदेशावर इंग्लंडचा संपूर्ण होम फ्लीट समुद्रावर निघाला, जवळची न्यूकॅसल क्रूझर तिकडे धावली, पुढे इंग्रजांची हूड आणि फ्रेंचांची डंकर्क या युद्धनौकांनाही शोधाला लावले गेले. जागल्याने आपले काम केले नाही असे तुम्हांला म्हणता येणार नाही.

साशंक : उपमा चांगली आहे, परंतु तीच तुमच्यावर उलटते. जागल्या आरोळी ठोकतो आणि मग पळतो, निदान पळू शकतो. त्याच्या पायांना साखळी घातलेली नसते. सतरा मैल वेगाचे जहाज तीस मैलांच्या शत्रूपुढे उभे करणे म्हणजे जागल्याचे पाय बांधून त्याला वेशीवर बसविणे होय. आणि आरोळीचे म्हणाल, तर ती कोणत्या नावाने गेली तेही सांगा. केनेडी या कप्तानाला समोरचे जहाज म्हणजे डॉइचलंड ही जर्मन युद्धनौका वाटली, आणि नौखाते कित्येक दिवस त्याच समजुतीने शोध करीत राहिले. वास्तविक डॉइचलंड त्यापूर्वीच गुपचूप जर्मनीला परत पोचली होती. एका जहाजाच्या जागी दोन होती, आणि ती दोन्ही अधिक बलाढ्य होती. होम फ्लीट निघाला, पण शत्रू त्याच्या हाती लागला काय? दोन्ही जर्मन नौका वादळी हवेचा आडोसा घेऊन तीन-चार दिवसांत सुखरूप विल्हेल्म्सहाफेनला परतल्या. न्यूकॅसलने त्यांना पाहिले आणि पावसाच्या सरीत गमावले, कारण तिच्यावर रडार नव्हते. तर मग आरोळीचे फळ काय?

सश्रद्ध : फळ त्या रात्रीच मिळाले, फक्त ते तुमच्या आकड्यांत बसत नाही. या दोन नौका का निघाल्या होत्या, ते ध्यानात घ्या. दक्षिण अटलांटिकात ग्राफ श्पे ही जर्मन युद्धनौका एकाकी फिरत होती, तिचा पाठलाग करणारी इंग्रज जहाजे उत्तरेकडे ओढून घ्यावीत, आणि आइसलंड-फेरो रेषेवरील पहाऱ्याची दाणादाण उडवावी, हा त्यांचा मनसुबा होता. दाणादाण म्हणजे एक जहाज नव्हे. त्या रेषेवर चित्राल होती, इतर बोटी होत्या, झडतीसाठी चाललेली व्यापारी जहाजे होती. परंतु रावळपिंडी बुडाल्यावर, पाण्यातली माणसे उचलण्याचे काम चालू असतानाच, काळोखात एक अनोळखी जहाज दिसले, आणि जर्मन अॅडमिरल मार्शालने ते काम अर्धे टाकून माघारी फिरण्याचा हुकूम दिला. हे अनोळखी जहाज म्हणजे न्यूकॅसल. आणि ती तेथे रावळपिंडीच्या संदेशामुळेच आली होती. मार्शालच्या या माघारीबद्दल पुढे त्याच्याच वरिष्ठांनी नापसंती दर्शविली. एक बोट गेली, पण रेषा मोडली नाही, आणि मोहीम एका बळीवर आटोपली. संदेशात नाव चुकले म्हणता. संध्याछायेत, बर्फाळ धुक्यात, मैलोगणती अंतरावरून, ज्या जहाजांच्या रेखाकृती एकमेकींसारख्या होत्या त्यांतील एकीला दुसरी समजणे यात नवल ते काय? ‘मोठे जर्मन जहाज अमुक ठिकाणी आहे’ हा त्या वार्तेचा गाभा बिनचूक होता.

आणि पाय बांधले होते म्हणता, तर केनेडी पळाला नाही हेही संपूर्ण खरे नव्हे. त्याने प्रथम जहाज वळविले, धुराचा पडदा करून अंधारात निसटण्याची खटपट केली. समोर दुसरे जहाज दिसले, ते मित्राचे असेल असेही क्षणभर त्याला वाटले, आणि ते निघाले ग्नायझेनाउ. त्यानंतर थांबण्याचे इशारे पुनःपुन्हा येत असताना तो थांबला नाही. त्या पुढचे तुम्हांला ठाऊक आहे : वीजयंत्र पहिल्याच काही गोळ्यांनी निकामी झाले, दारूगोळा वर खेचणारे पाळणे बंद पडले, तेव्हा माणसांनी गोळे हातांनी वाहून तोफांपाशी नेले, आणि एकेक तोफ आपापल्या बळावर, कोणाच्याही मध्यवर्ती हुकमाविना, बंद पडेपर्यंत चालली. शार्नहॉर्स्टला एक गोळा लागला सुद्धा.

साशंक : लागला, आणि तिचे नुकसान किरकोळ झाले. पण आता आपण खऱ्या ठिकाणी येऊन पोचलो. तुमच्याच वर्णनाप्रमाणे त्या संध्याकाळचे दोन भाग पडतात. पहिला भाग संदेश जाईपर्यंतचा. त्यात जे घडले ती सेवा, निर्विवाद सेवा, आणि तिच्यापुढे मीही नमस्कार करतो. न्यूकॅसल आली, मार्शाल फिरला, रेषा टिकली, हे सर्व त्या पहिल्या भागाचे फळ. दुसरा भाग थांबण्याचा इशारा मिळाल्यापासून जहाज पेटेपर्यंतचा, आणि २३८ पैकी जवळजवळ सगळी माणसे त्या दुसऱ्या भागात मेली. त्या दुसऱ्या भागाने कोणाचे रक्षण केले? संदेश तर गेलेला होता. त्या बोटीच्या पाठीमागे कोणताही तांडा नव्हता.

यासंबंधी एक तुलना मला टाळता येत नाही. या घटनेला महिनाही लोटला नव्हता, तोच १७ डिसेंबरला माँटेव्हिडिओ बाहेर ग्राफ श्पेचा कप्तान लँग्सडॉर्फ याने, पुढे लढणे निष्फळ आहे असे ठरवून, आपले जहाज स्वतःच उडविले, हजारावर माणसे जिवंत किनाऱ्याला उतरविली, आणि तीन दिवसांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या सरकारला ते रुचले नाही. जगानेही त्याच्या वर्तनाला पराक्रमाचे नाव दिले नाही. परंतु त्याच्या खलाशांच्या बायकापोरांना विचारा. कप्तानाची प्रतिष्ठा जपावी की त्याच्या ताब्यातील माणसे, हा प्रश्न त्याने माणसांच्या बाजूने सोडविला, आणि प्रतिष्ठेची भरपाई एकट्याने केली. केनेडीला हे करता आले नसते काय?

सश्रद्ध : लँग्सडॉर्फबद्दल मला आदरच आहे, पण दोघांची परिस्थिती एका तराजूत घालू नका. लँग्सडॉर्फचे जहाज तटस्थ बंदराच्या तोंडाशी होते. त्याची माणसे बोटींतून किनाऱ्यावर जाणार होती. केनेडीची माणसे नोव्हेंबरातल्या उत्तर अटलांटिकात उतरणार होती, जिथे पाण्यात माणूस काही मिनिटे टिकतो. थांबून शरण गेला असता तर माणसे वाचली असती, हे मान्य. परंतु शरण गेलेले जहाज शत्रूच्या हाती पडले असते, त्याच्या सांकेतिक पुस्तकांसकट, पहाऱ्याच्या रेषेवर कोण कुठे आहे याच्या नकाशासकट. शिवाय केनेडीला अंधाराची आशा होती. अर्धा तास टिकलो तर रात्र आपल्याला गिळून लपवील, ही आशा खुळी नव्हती. त्या अक्षांशांत दुपारी चारला दिवस मावळतो. तुम्ही ज्याला दुसरा भाग म्हणता, तो त्या माणसाच्या मनात पहिल्या भागापासून तुटलेला नव्हता.

आणि हा माणूस कोण, तेही पाहा. वय साठ. १९२१ साली, कोळशाच्या खाणींत संप चालू असताना, राखीव नौसैनिकांच्या एका तुकडीत बेदिली माजली, ती हाताळण्यात कसूर केली म्हणून लष्करी न्यायालयाने त्याला सक्त ठपका दिला. त्यानंतर बढतीचा मार्ग बंद झाल्यामुळे त्याने नोकरी सोडली, आणि पुढची कित्येक वर्षे पक्षकार्यासारखी कामे करण्यात घालविली. युद्ध सुरू होताच ज्या खात्याने त्याला दूर सारले त्याच खात्याने त्याला परत बोलाविले, आणि तो आला. त्याचा मुलगा लुडोविक, जो पुढे न्यायदानातील चुका चव्हाट्यावर आणणारा पत्रकार म्हणून गाजला, त्याच्यावर बापावरील या अन्यायाची छाया आयुष्यभर होती. असा माणूस तोफा समोर पाहताच शरण गेला असता, तर नौखात्यात कोणी काय म्हटले असते याची कल्पना तुम्ही करू शकता.

साशंक : करू शकतो, आणि म्हणूनच माझे म्हणणे आणखी पक्के होते. तुम्ही केनेडीची बाजू मांडायला निघालात, आणि नकळत मोठा कबुलीजबाब देऊन बसलात. एकदा ज्याच्यावर कच खाल्ल्याचा ठपका ठेवला गेला, त्याला दुसऱ्यांदा कच खाण्याची मुभा राहत नाही. आणि हे त्याला ठाऊक होते, त्याला पाठविणाऱ्यांनाही ठाऊक असायला हवे होते. मी केनेडीला दोष देत नाही, हे ध्यानी घ्या. मी विचारतो ते एवढेच : ज्या जहाजाचे काम पाहणे आणि कळविणे हेच आहे, त्याच्या कप्तानाला कोणत्या शब्दांत सांगितलेले होते की कळविल्यानंतर तुझे कर्तव्य संपले? ते शब्द जर लेखी नव्हते, तर त्या दुसऱ्या भागातली प्रत्येक तोफ खात्याच्या त्या मौनाने डागली.

सश्रद्ध : असे शब्द लिहून देणारे आरमार दुसऱ्या दिवशी आरमार राहील काय? ज्या पहारेकऱ्याला आधीच सांगितले आहे की अमुक वेळेनंतर तू शरण गेलास तरी चालेल, त्याची ती वेळ दररोज थोडी थोडी अलीकडे सरकत जाते. आणि रावळपिंडी लढली याचा परिणाम त्या एका संध्याकाळपुरता नव्हता. पुढच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १९४० रोजी, तशीच दुसरी एक आगबोट, जर्व्हिस बे, सदतीस जहाजांचा तांडा घेऊन अटलांटिक ओलांडीत असता अॅडमिरल शेअर ही जर्मन युद्धनौका तिच्यासमोर आली. फेगन या कप्तानाने तांड्याला पांगण्याचा हुकूम देऊन एकट्यानेच शत्रूवर चाल केली, आणि त्याच्या बुडण्याने मिळालेल्या अवधीत बहुतेक जहाजे निसटली. रावळपिंडीचे उदाहरण त्या लोकांपुढे नव्हते असे तुम्हांला वाटते?

साशंक : असेल. पण पाहा, फेगनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. केनेडीचे नाव केवळ खलित्यात उल्लेखिले गेले. पंतप्रधान चेंबरलेनने पार्लमेंटात रावळपिंडीचा गौरव केला, पण पदक देण्याची वेळ आली तेव्हा नौखात्यानेही तोच भेद केला जो मी करतो आहे. फेगनच्या पाठीमागे सदतीस जहाजे होती. केनेडीच्या पाठीमागे समुद्र होता.

सश्रद्ध : आणि समुद्रावर नाकेबंदी होती! तांडा दिसतो, म्हणून त्याचे रक्षण केल्याचे दिसते. नाकेबंदी दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी मेलेला माणूस व्यर्थ मेला असे वाटते. हा दृष्टीचा दोष आहे, न्यायाचा नव्हे. पदकांची यादी म्हणजे इतिहासाचे न्यायालय नव्हे, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको, कारण खात्यांच्या निवाड्यांवर एरवी तुमचाच विश्वास नसतो.

साशंक : यात तुम्ही मला पकडले खरे. पण शौर्य हेच जर मोजमाप असेल, तर मग २६ डिसेंबर १९४३ ची आठवण काढू या. नॉर्वेच्या उत्तर टोकापाशी त्याच शार्नहॉर्स्टला इंग्रज आरमाराने घेरले. तिची धाव मंदावली, तोफा एकामागून एक बंद पडल्या, तरी ती अखेरपर्यंत लढत राहिली, आणि तिच्यावरील एकोणीसशेहून अधिक माणसांपैकी छत्तीस वाचली. त्या रात्री इंग्रज अॅडमिरल फ्रेझरने आपल्या अधिकाऱ्यांसमोर तिच्या झुंजीची मुक्त कंठाने वाखाणणी केली. म्हणजे रावळपिंडीला बुडविणारी नौका तशाच आदराला पात्र होऊन बुडाली, आणि ती ज्या राजवटीसाठी लढत होती तिच्याबद्दल तुम्हांला किंवा मला काडीचाही आदर नाही. तर मग झुंजीच्या शौर्यावरून ती झुंज योग्य होती की नाही हे ठरत नाही, एवढे तरी कबूल करा.

सश्रद्ध : कबूल. शौर्य हा निवाडा नव्हे, साक्षीपुरावा आहे; आणि तो दोन्ही पक्षांच्या बाजूने देता येतो. पण मीही एक गोष्ट तुमच्या पदरात घालतो. तुम्ही दुसऱ्या भागातल्या माणसांची गणती करता. मग त्या गणतीत कोण येत नाही तेही पाहा. शांततेच्या काळात पी. अँड ओ.च्या या बोटी चालविणारे बहुसंख्य हात आपले होते : डेकवर कोकण-गुजराथच्या किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल, भट्टीवर पंजाबी आणि पठाण, प्रवाशांच्या टेबलांभोवती गोव्याचे तारवटी, ज्यांची वस्ती मुंबईतल्या कूड म्हणविणाऱ्या सामायिक निवासांमध्ये. बोट युद्धनौका म्हणून नोंदली गेली की त्यांच्या जागी बहुतांशी इंग्रज राखीव नौसैनिक येत. म्हणून रावळपिंडीच्या यादीत तुम्हांला ते शोधूनही फारसे सापडायचे नाहीत. परंतु तेच लोक त्या सहा वर्षांत दुसऱ्या व्यापारी बोटींवर होते, बिनतोफांच्या, आणि त्यांतले सहा हजारांहून अधिक पाण्याखाली गेले. त्यांच्यासाठी कोणत्या पार्लमेंटात भाषण झाले? मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशी-गृहात त्यांच्या स्मारकाची नोंदवही आहे. आपण दोघे याच शहरात राहतो, पण रावळपिंडीबद्दल जेवढे बोललो त्याच्या दहाव्या हिश्शानेही त्यांच्याबद्दल बोललेलो नाही.

साशंक : हा आक्षेप माझ्यावर आहे की तुमच्यावर?

सश्रद्ध : दोघांवर. तुम्ही म्हणता शौर्याच्या कथेने खात्याचा निष्काळजीपणा झाकला जातो. मी म्हणतो त्याच कथेने त्याहून मोठी संख्याही झाकली जाते. फरक एवढाच, की त्यावर उपाय म्हणून तुम्ही कथा पुसायला निघता, आणि मला ती पुसलेली नको आहे.

साशंक : पुसायला निघालो नाही. मला ती पूर्ण सांगितलेली हवी आहे. तिचा शेवट कोठे झाला, तोही त्यात यावा. रावळपिंडीची भगिनी राजपुताना, जिच्यातून १९३१ च्या ऑगस्टअखेर गांधीजी मुंबईहून गोलमेज परिषदेला निघाले, ती त्याच आइसलंड-ग्रीनलंडमधल्या सामुद्रधुनीत १३ एप्रिल १९४१ रोजी एका पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. तोवर लॉरेंटिक गेली होती, पॅट्रोक्लस गेली होती, फॉर्फर गेली होती. तिघीही एकाच जर्मन पाणबुडीच्या हातून. युद्ध संपेपर्यंत अशा पंधराच्या आसपास आगबोटी गमावल्या गेल्या. आणि तेव्हा कुठे, १९४१ नंतर, उरलेल्या बोटी हळूहळू त्या कामावरून काढून सैन्य वाहण्याच्या कामाला लावल्या गेल्या, म्हणजे ज्या कामासाठी त्या बांधल्या होत्या त्याच्या जवळच्या कामाला. जी गोष्ट १९४१ साली उमगली, ती १९३९ साली उमगणे अशक्य होते काय, हा माझा प्रश्न मी मागे घेत नाही.

सश्रद्ध : अशक्य नव्हते. परंतु १९४१ साली त्या बोटी परत घेता आल्या, कारण तोवर नव्या क्रूझर, नवी विमाने आणि नवे रडार त्यांची जागा घेऊ लागले होते. १९३९ च्या नोव्हेंबरात त्यांची जागा घेणारे काही नव्हते, आणि रेषा तर राखायची होती. ती रावळपिंडीने राखली की नौखात्याने तिच्या जिवावर राखली, यावर तुमचे आणि माझे एकमत होणार नाही. चार भगिनींपैकी दोन बुडाल्या; उरलेल्या दोघींतली रांची युद्धानंतर काही वर्षे वसाहतवाल्यांना ऑस्ट्रेलियाला पोचवीत राहिली, आणि १९५३ साली भंगारात काढली गेली.